दुपारचं कुलूप

आमच्या बागेच्या फाटकाला यंदा पुन्हा रंग लावताहेत. चैत्र सरत आलाय, सकाळी नऊलाच ऊन टोचायला लागतं, आणि रंगारी बिचारा डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून लोखंडी गजांवर हिरवा ऑइलपेंट चढवतो आहे. तापत्या लोखंडावरच्या ओल्या रंगाला एक वास असतो. थोडा गोडसर, थोडा घशात अडकणारा. लोकांना तो नवेपणाचा वाटतो, लग्नघराची आठवण करून देणारा. मला तो सोसत नाही. मी खिडकी लावून घेतो, मग आत बसवत नाही म्हणून पुन्हा उघडतो. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला भिण्यासारख्या पुष्कळ गोष्टी असतात, रक्ताचे रिपोर्ट असतात, ओले जिने असतात. मी मात्र रंगवलेल्या फाटकाला भितो. याचं कारण आजवर एकाच माणसाला सांगितलं आहे. आज तुम्हाला सांगतो, कारण तुम्हीही दुपारी दार लावून झोपणाऱ्यांपैकीच असाल असा माझा अंदाज आहे.

बाग आमच्या घराच्या अगदी समोर. मधे एक अरुंद रस्ता, बस्स. सुधारणा होण्यापूर्वी तिला बाग म्हणायचं ते आम्ही प्रेमापोटी. कुंपण तीन ठिकाणी पडलेलं, घसरगुंडीचा पत्रा फाटलेला, गवत म्हणाल तर पावसाळ्यापुरतं. पण झाडं मोठी होती. दोन कडुलिंब, एक करंज, एक थोराड चिंच. नागपूरच्या उन्हाळ्यात झाड म्हणजे काय चीज असते हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. बारा वाजले की रस्ते ओस पडतात, कुत्री नाल्यांत शिरतात, हवा अंगावर येते ती भट्टीचं दार उघडल्यासारखी. त्या वेळी ज्यांना घर जवळ नाही अशी सगळी माणसं त्या चार झाडांखाली गोळा होत. दोन घरांच्या कामांमधला तास काढणाऱ्या धुणीभांडीवाल्या बाया, फरशी बसवणारे मिस्त्री, सामानाची भली मोठी पिशवी उशाला घेऊन आडवी झालेली डिलिव्हरीवाली पोरं, आणि एक ऑटोवाला. तो सीताबर्डीच्या फेऱ्या मारून साडेबाराच्या ठोक्याला यायचा, चपला डोक्याखाली घ्यायचा आणि करंजाखाली असा निवांत घोरायचा की माझ्या खिडकीपर्यंत ऐकू यावं.

आणि कडुलिंबाखाली प्याऊ होती. तुम्ही पाणपोई म्हणा, आम्ही प्याऊच म्हणतो. वाळूत अर्धे पुरलेले चार रांजण, त्यांना ओलं लाल फडकं, वर लाकडी झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं. ती चालवायची एक साठीची बाई. मागच्या वस्तीत राहायची. नवरा गेलेला, मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात, लेक कन्हानला दिलेली. पाडव्याला रांजण बसायचे ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत. तिला कुणी नेमलेलं नव्हतं. पाणी प्यायला आलेल्याला ती आधी बसायला लावायची. "उन्हातून आले, अन् उभ्याउभ्या ढोसून राहिले? बसा आधी. घाम जिरू द्या," असं दटावून मगच ओगराळं उचलायची. मोठमोठ्या मिशीवाल्यांनाही ती बसवायची आणि ते बसायचे.

मग बागेचं सुशोभीकरण आलं. खरं सांगायचं तर ते आम्हीच आणलं. आम्ही म्हणजे गल्लीतले सात-आठ निवृत्त लोक. आमची बाग समिती. मी सरकारी कचेरीत उभी हयात मसुदे लिहिण्यात घालवली, त्यामुळे पत्रव्यवहार साहजिकच माझ्याकडे. दोन वर्षं खेटे घातले आणि काम मंजूर झालं. पायवाटांवर सिमेंटचे गट्टू बसले, हिरवळ आली, व्यायामाची यंत्रं आली, कारंजं आलं. फाटकालगतचा कडुलिंब फोटो काढायच्या कमानीच्या आड येत होता, तो गेला. कमरेएवढ्या कुंपणाच्या जागी टोकदार गजांचं उंच कुंपण उभं राहिलं. प्याऊ कोपऱ्यातल्या दुसऱ्या कडुलिंबाखाली सरकली. नळ आला तोही मोटारीवरचा, आणि मोटारीचं बटण चौकीदाराच्या खोलीत. उद्घाटनाला पेढे वाटले. त्या उन्हाळ्यात आमच्या समितीच्या अंगात आलं होतं म्हणा ना. सकाळी मुलांचं शिबिर, रविवारी मठ्ठा वाटप, उन्हापासून काय काळजी घ्यावी याचा फलक, आणि पाखरांना पाणी मिळावं म्हणून फांद्याफांद्यांना टांगलेली मातीची परळं.

या सगळ्यात एकच गोष्ट खटकत होती. हिरवळीवर दुपारी माणसं झोपत. नव्याकोऱ्या लॉनवर खरकटं सांडतं, कुणी तंबाखू थुंकतं, आपल्या घरच्या लेकीसुना संध्याकाळी येतात त्यांनी कुठं बसावं, अशी कुजबुज सुरू झाली. मी कागद ओढला आणि लिहिलं की दुपारच्या वेळी उद्यानात असामाजिक घटकांचा वावर वाढला असून, सबब उद्यान सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत कुलूपबंद ठेवण्यात यावं. असामाजिक घटक! काय शब्द सुचला म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. आठवड्याच्या आत हुकूम निघाला, फाटकाला साखळी आली, कुलूप आलं. एक चाबी कंत्राटी चौकीदाराकडे आणि दुसरी, अडीअडचणीला असावी म्हणून, माझ्याकडे. पाखरांना पाणी आणि माणसांना कुलूप, हे त्या दिवशी माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

ऑटोवाला एकदा भांडायला आला होता. फाटक हलवून हलवून त्यानं आवाज केला, मी गॅलरीत गेलो, तर म्हणाला, "काहून बंद केलं जी? आम्ही का चोरी करून राहिलो का? सावलीतच तं पडतो." मी त्याला नियम दाखवला. तो जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतरही दोन-तीनदा दुपारी फाटक खडखडलं, मी गेलो नाही. एकाला उघडलं की उद्या दहा येतील, हा हिशेब मी मनाशी पक्का केला होता, आणि तो मोडणं मला माझा अपमान वाटू लागला होता.

नवतपा लागला. ज्येष्ठाचे ते नऊ दिवस नागपूरकर मुकाट्यानं, एकमेकांकडे न बघता काढतो. घरोघरी खिडक्यांना कूलर लागलेले, त्यांच्या वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी निथळतं आहे, आत अंधार करून माणसं पडली आहेत. कूलरचा तो घरघराट म्हणजे आमची दुपारची अंगाई. त्या आवाजात गल्लीत हत्ती फिरून गेला तरी कळणार नाही, आणि कळू नये हीच खरी सोय असते.

रांजण आठवड्यातून एकदा आतून घासावे लागतात, नाहीतर पाण्याला वास धरतो. कुलूप आल्यापासून प्याऊ अकरापर्यंतच चालायची, आणि त्या दिवशी प्याऊवाली बाई रांजण घासत होती. उरलेलं पाणी तिनं झाडांच्या मुळाशी ओतलं, आणि एकेका रांजणात खांद्यापर्यंत वाकून ती काथ्यानं आतलं शेवाळ खरवडत होती. रांजणात डोकं घातलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही, आपलाच श्वास घुमतो. अकरा वाजता चौकीदारानं शिट्टी मारली, कोपऱ्यापर्यंत जाण्याचे कष्ट घेतले नाहीत, खोलीला आणि फाटकाला कुलूप घातलं आणि सायकलवर टांग मारून तो दुसऱ्या बागेकडे गेला. त्या बिचाऱ्याकडे दोन बागा होत्या. बाई डोकं वर काढून नळाशी गेली तेव्हा नळ कोरडा होता. तिचा फोन घरी चार्जिंगला लावलेला. परळांतलं पाणी सकाळीच आटून गेलेलं. सगळ्या वस्तीची तहान भागवणारी ती बाई, चार रिकामे रांजण आणि वर पंचेचाळीसच्या पुढचं ऊन. हे सगळं मला नंतर कळलं.

मला त्या वेळी जे कळलं ते एवढंच. जेवण झालं होतं, साडेबाराचा सुमार असेल. डोळा लागतो न लागतो तोच बाहेरून आवाज आला. ठण, ठण, ठण. लोखंडावर काहीतरी आपटल्याचा. मी डोळे उघडले. थांबला, पुन्हा सुरू झाला. मी काय केलं ते तुम्हाला नीट सांगतो, कारण याच एका मिनिटासाठी मी हे सगळं लिहायला बसलो आहे. मी उठलो. खिडकीकडे गेलो. पडदा सारून बघायला हात लांबवायचा अवकाश होता. "आला वाटतं पुन्हा तो ऑटोवाला," असं म्हणालो, आणि पडदा न सारता कूलरचं बटण दोनवरून तीनवर फिरवलं. घरघराट वाढला. ठणठण त्यात विरली. मी गार वाऱ्याकडे पाठ करून झोपलो, आणि लाज वाटते सांगायला, मला छान झोप लागली.

दोनच्या पुढे बायको गच्चीवर कुरड्या पालटायला गेली. तिथून तिची हाक आली ती मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती अशी. "अहो! फाटकात कोणीतरी पडलंय! आतून! चाबी घ्या, चाबी!" मी चाबी घेतली आणि अनवाणीच धावलो. रस्ता ओलांडला फक्त, दहा-बारा पावलं, पण तळव्यांना फोड आले. कुलूप हातात धरवेना. धोतराचा सोगा गुंडाळून धरलं, चाबी फिरेना, नवं कुलूप ते, उन्हानं फुगलेलं. गजांवरचा नवा हिरवा रंग उन्हानं मऊ होऊन घशात अडकणारा वास सोडत होता, आणि पलीकडे गट्टूंवर प्याऊवाल्या बाईची निळी साडी पडलेली दिसत होती. तिच्या उजव्या हाताशी पितळी लोटा, त्याचा काठ चेमटलेला. कमानीसाठी झाड तोडलं होतं त्यामुळे फाटकाशी सावली म्हणून नव्हतीच. मी चाबी फिरवत होतो आणि लोट्याकडे बघत होतो. कुलूप निघालं तेव्हा मी काहीतरी ओरडलो, काय ते आठवत नाही.

तिचं अंग तव्यासारखं तापलेलं आणि अगदी कोरडं होतं. घामाचा थेंब नाही. ऊन लागलेल्या माणसाचं असं कोरडं अंग म्हणजे काय, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. बायकोनं घरातून ओली चादर आणली, बादली आणली, आम्ही दोघं तिच्यावर पाणी ओतत राहिलो. गल्लीत चिटपाखरू नाही. मी दारं वाजवत सुटलो. एका दाराशी, दुसऱ्या दाराशी. आतून सगळीकडे तोच घरघराट. एकही दार उघडलं नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या भिंतीच्या वीतभर सावलीत एक ऑटो दिसली, आणि मागच्या सीटवर पाय दुमडून झोपलेला तोच माणूस. मी त्याला हलवलं. त्यानं एक शब्द विचारला नाही, फाटकापर्यंत गाडी आणली, तिला उचलून आत घेतलं. वाटेत, सिग्नल तोडत, मागे न बघता तो एवढंच म्हणाला, "रोज तं मी तिथंच झोपत होतो, साहेब. मी असतो तं ही पडलीच नसती." माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं. मी त्यावर ओला दुपट्टा धरून बसलो होतो, तो दर मिनिटाला सुकत होता.

सरकारी दवाखान्यात उष्माघाताचा वेगळा वॉर्ड असतो उन्हाळ्यात. तिथं बर्फ, ओली कापडं, पंखे. मुलगा बुटीबोरीहून संध्याकाळी पोचला, लेक कन्हानहून रात्रीपर्यंत. दोन दिवस ती कुणाला ओळखत नव्हती. तिच्या मुलानं माझे हात धरले आणि रडला, "तुम्ही होते म्हणून, साहेब." मी त्याचे हात सोडवून घेतले नाहीत. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "लोट्याचा काठ पार चेमटलाय, आपटून आपटून हाका मारल्या असणार तिनं. तुम्ही खिडकीशी होतात, तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही?" मी म्हणालो, "कूलर सुरू होता ना." यात शब्दही खोटा नव्हता. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग तिनं विषय सोडला. त्या दोन रात्री मला दोन गोष्टींची धास्ती होती. ती गेली तर, ही एक. आणि दुसरी लिहायलाही हात धजत नाही: ती शुद्धीवर आली आणि बोलली तर.

ती वाचली. तिसऱ्या दिवशी तिनं पाणी मागितलं, आणि नर्सनं उभ्यानं पाजलं म्हणून कुरकुरली.

आषाढात समितीनं माझा सत्कार ठेवला. शाल आणि श्रीफळ! प्रसंगावधान राखून एका कष्टकरी भगिनीचा प्राण वाचवल्याबद्दल. मी नको नको म्हणालो तो माझा विनय ठरला. बागेतच खुर्च्या मांडल्या होत्या. बाईलाही बोलावलं होतं, ती वाळून अर्धी झालेली. दोन शब्द बोल म्हटल्यावर ती उठली. मी मांडीवरच्या नारळाकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "मले बोलता नाही येत. फाटक बंद होतं, साहेबांनी उघडलं, म्हणून मी आज उभी आहो. साहेबांनी असंच उघडत राहावं." आणि बसली. टाळ्या वाजल्या. मग मला बोलायला सांगितलं. मी तयार करून आणलेला कागद खिशातच राहिला. शाल अंगावर टोचत होती. मी म्हणालो, "दुपारचं कुलूप काढा." समितीत चुळबुळ झाली. एक जण म्हणाला, म्हणजे पुन्हा ते असामाजिक घटक यायचे. "तो शब्द माझा आहे," मी म्हणालो, "मी परत घेतो." ज्याला आत्ताच नारळ दिला त्याला नाही कसं म्हणणार? पुढच्या उन्हाळ्याआधी कुलूप निघालं. नळाचं बटण खोलीबाहेर आलं. कमानीपाशी एक नवा कडुलिंबही लावला, त्याला मी रोज पाणी घालतो.

पण माझा श्वास मोकळा झाला नाही. पुढच्या पाडव्याला ती रांजण बसवायला आली तेव्हा मी मदतीला गेलो. वाळू ओढता ओढता एकदम म्हणालो, "बाई, त्या दिवशी मी ऐकलं होतं. लोट्याचा आवाज. ऐकून झोपलो मी." मला वाटलं होतं ती हातातली पाटी टाकेल, किंवा रडेल. तिनं वाळू हातानं सारखी केली. म्हणाली, "मालूम आहे मले. तुमचा कूलर मोठा झाला ना, मी फाटकाशीच होती. म्हटलं, जागे आहेत साहेब." मी विचारलं, "मग सगळ्यांसमोर बोलल्या का नाहीत?" "बोलली असती तं तुम्ही मान खाली घालून घरात बसले असते. मंग कुलूप कोणी काढलं असतं?" तिनं रांजण वाळूत दाबला, एका बाजूनं हलवून पाहिला. त्या क्षणी मला तिचे पाय धरावेसे वाटले. मी म्हणालो, "मला खरंच वाटलं नव्हतं हो, की तुम्ही आहात. मला वाटलं तो ऑटोवाला आहे." तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर केली.

"अन् तो असता तं?"

एवढंच. रागानं नाही, टोमणा म्हणून नाही. चौकशी करावी तसं. ती पुढचा रांजण आणायला निघून गेली, उत्तराची वाट न पाहता.

त्याला आता तीन उन्हाळे झाले. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून ती लेकीकडे कन्हानला राहायला गेली; प्याऊ आता वस्तीतल्या दोघी जणी चालवतात, त्याही आधी बसायला लावतात. गट्टू ठिकठिकाणी उखडले, कारंजं कधीच बंद पडलं. काळ असा सगळ्यावरून हात फिरवत जातो, आपण सुधारलेलंही मोडतो आणि आपण तोडलेलंही हळूहळू वाढवतो. माझ्या अपराधाची माफी मी मागितली खरी, पण ती तिच्याकडे, आणि मी त्या दुपारी ज्याला नाकारलं तो माणूस दुसराच होता. त्या ऑटोवाल्याला यातलं काही ठाऊक नाही. मला पाहिलं की तो अदबीनं हात उंचावतो, त्याच्या लेखी मी फाटक उघडणारा साहेब आहे. रोज साडेबाराला तो येतो, चपला डोक्याखाली घेतो आणि करंजाखाली घोरू लागतो. मी खिडकीशी उभा असतो. झोपलेल्या माणसाला उठवून सांगण्यासारखं हे नाही, अशी स्वतःची समजूत घालत मी हे तीन उन्हाळे काढले आहेत.